चाक बदलताना आधी हब पाहा, मग रिम

सकाळी दहाच्या सुमारास अंधेरी, बोरिवली, मुलुंड नाहीतर घाटकोपर स्टेशनाबाहेर उभे राहिले की आपल्याकडची माणसे हमखास भेटतात. खेड, मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगावची. डोक्यावर पांढरी टोपी, सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी लटकवलेले डबे, मागे कॅरिअरवर आणखी डबे. माणशी तीस-पस्तीस डबे आणि एक डबा दोन किलोच्या आसपास धरला, तरी साठ-सत्तर किलो होतात. वर चालवणाऱ्याचे वजन वेगळे. हे सगळे ओझे पेलायला आपल्या साध्या काळ्या सायकलला तारा असतात फक्त ७२. पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४०.

महादेव हावजी बच्चे यांनी १८९० साली मुंबईत डबे पोचवण्याचे काम सुरू केले. तेव्हापासून किती घरांची चूल या धंद्यावर पेटली, हे आपल्या गावांना सांगायला नको. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, डबे बंद झाले आणि बरीच मंडळी गावी परतली. सायकली मात्र तिकडेच राहिल्या, कुठे जिन्याखाली, कुठे स्टेशनच्या कठड्याला साखळीने बांधलेल्या. पुढे काम पुन्हा सुरू झाले तेव्हा पाहावे तर रिम गंजलेली, हब जाम. काहींनी मोटारसायकल घेतली. ज्यांना ते परवडत नाही, त्यांना चाकच बदलावे लागते. आणि नेमके तिथेच पैसे पाण्यात जातात.

माझीच गोष्ट सांगतो. मागची रिम गंजली म्हणून उपनगरातल्या एका दुकानातून चकचकीत नवी रिम घेऊन आलो. मिस्त्रीने हातात धरली, भोकं मोजली आणि परत दिली. म्हणाला, ‘‘भाऊ, हिला छत्तीस भोकं आहेत, तुमच्या हबला चाळीस. उरलेल्या चार तारा काय खिशात ठेवणार?’’ दुकानदाराने काही ती परत घेतली नाही.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे भोकं मोजा. दुसरी गोष्ट, टायरवरचा आकडा वाचा. नुसते ‘अठ्ठावीसची रिम द्या’ म्हणून चालत नाही. आपल्या काळ्या सायकलचे टायर २८ × १½ असते आणि त्यावर बारीक अक्षरात ६३५ हा आकडा असतो. रिमवर टायर जिथे बसते तिथला तो व्यास, मिलिमीटरमध्ये. नव्या गिअरच्या सायकलींचे ७००-सी म्हणतात ते टायरही ‘अठ्ठावीस’ म्हणूनच विकले जाते, पण त्याचा आकडा आहे ६२२. फरक फक्त १३ मिलिमीटरचा, तरी एकाचे टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. ‘सव्वीस’चा घोळ याहून मोठा. त्यात ५५९, ५८४ आणि ५९० अशी तीन मापे बाजारात भेटतात. ज्या तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना सायकली मिळाल्या आहेत, तिथल्या ग्रामसेवकांनी आणि मुख्याध्यापकांनी हा आकडा वहीत लिहून ठेवायला हरकत नाही. एकगठ्ठा टायर मागवताना चूक झाली की एकगठ्ठाच चूक होते.

आता हब. लोक रिमची चमक बघतात आणि चाकाचा जीव असतो हबात. सायकल उभी करून चाक उचला, रिम धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट वाजले तर कोन सैल आहे किंवा झिजला आहे. मग चाक हळूच फिरवून सोडा. चांगले चाक आपोआप झुलत झुलत थांबते. मधेच अडखळले तर आत छर्रे नाहीतर कोन खराब झालेत असे समजावे. कोन आणि छर्रे बदलता येतात, खर्च थोडा. मागच्या हबात दर बाजूला पाव इंची ९ छर्रे, पुढच्यात बहुधा ३/१६ इंची १० छर्रे बसतात. बदलायचे तर सगळे एकदम बदला, जुन्यात नवे मिसळू नका. नव्यावर सगळा भार येतो आणि ते कोनाला खातात. पण हबातल्या वाटीलाच खड्डे पडले असतील तर मात्र हब बदलणेच बरे. तिथे कंजुषी केली की तीन महिन्यांत पुन्हा तेच.

मुंबईत हबाचा खरा वैरी पाऊस. अंधेरीचा सबवे दर पावसाळ्यात तुंबतो. आपल्या सायकलचा हब जमिनीपासून जेमतेम चौदा इंचांवर, म्हणजे पाणी गुडघ्याच्या खाली असतानाच हब बुडतो. असे पाणी एकदा लागले की त्याच आठवड्यात हब खोलावा, रॉकेल नसेल तर डिझेलने धुवावा आणि ग्रीस भरावे. वरून तेलाचे चार थेंब सोडून भागत नाही. उलट आतले उरलेसुरले ग्रीसही धुऊन निघते.

रिम पोलादी घ्यावी की अ‍ॅल्युमिनियमची? काड्यांचा ब्रेक असलेल्या सायकलला पोलादीच. त्या ब्रेकचे रबर रिमला आतल्या अंगाने लागते, अ‍ॅल्युमिनियमची साधी रिम तिथे कामाची नाही. केबलचा, बाजूने दाबणारा ब्रेक असेल तर मात्र अ‍ॅल्युमिनियमची जरूर घ्या. ओल्या पोलादी रिमवर ब्रेक घसरतो हे पावसात उतारावरून आलेल्या कोणालाही माहीत आहे. वर्सोवा, गोराईकडच्या खाऱ्या हवेत पोलाद तारेच्या भोकापासून कुजायला लागते, तेही वेगळेच.

तार तुटते ती बहुतेक मागच्या चाकाची, फ्रीव्हीलच्या बाजूची, हबाजवळच्या वाकणात. ती ओझ्याने तुटते असे आपण म्हणतो. खरे म्हणजे सैल तार प्रत्येक फेऱ्याला थोडी हलते आणि हलून हलून मोडते. एखादी तुटली तर बदला. चार-सहा महिन्यांत तिसरी तुटली तर सगळ्याच तारा नव्या घाला, बाकीच्याही त्याच वाटेवर असतात. गिअरची सायकल घेऊन सामानासह लांब जाणाऱ्यांनी मागे ३६ तारांचे चाक आणि कॅसेटचा हब पाहावा. त्यात छर्रे एक्सलच्या टोकाकडे असल्याने एक्सल वाकण्याचे भय कमी. फ्रेमच्या मागच्या दोन पट्ट्यांतले अंतर आधी मोजा. साध्या सायकलला ते ११० मिलिमीटरच्या आसपास असते, गिअरच्या बहुतेक हबांना १३० किंवा १३५ लागते.

अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, तेव्हा ‘आता सामान मिळणार नाही’ अशी ओरड झाली. तसे काही नाही. काळ्या सायकलची मापे ठरलेली आहेत. लुधियानात बनलेला दुसऱ्या कंपनीचा हब नि रिमही त्याच फ्रेममध्ये बसते, भोकं तेवढी जुळवून घ्या.

तयार चाक घेतले तर दोन-दोन तारा जोडीने मुठीत दाबून बघा. काही ढिल्या, काही ताठ लागल्या तर दुकानातच आऊट काढून मागा. नवे चाक आठवडाभर चालले की पुन्हा एकदा मिस्त्रीकडे न्यावे, कारण तारा बसतात आणि सैलावतात. उपनगरात हाताने चाक विणणारा मिस्त्री शोधावा लागतो. तालुक्याच्या गावी अजून असा एखादा असतो. रविवारी घरी येणार असाल तर जुना हब आणि नवी रिम पिशवीत घालून आणा. सोमवारच्या पहिल्या गाडीआधी चाक तयार मिळेल.