बॉनेटखालचा ठोका आणि कानांची परीक्षा

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मोटारीच्या इंजिनावर लेख वाचून काही सभासदांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. तथापि श्रवण हा आपल्या व्यवसायाचा पाया, आणि त्या पायालाच तडा गेला असल्याचे मला एका जुन्या मोटारीने दाखवून दिले, म्हणून हे लिहीत आहे.

माझ्याकडे दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड आहे. हैदराबादेत वकिली करणाऱ्या मामांनी ती मला दिली, आणि गेली तीस वर्षे ती भालकीच्या आमच्या वाड्यात उभी आहे. ही मोटार मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड. तिचा बाह्याकार मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराचा. १९५९ साली ती तिकडे आली आणि १९६१ पासून मद्रासच्या कारखान्यात आपल्याकडे तयार होऊ लागली. हिच्याच सांगाड्याच्या आधारे १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनांची क्रीडामोटार निघाली. इंजिनही त्याच कुळातले, फक्त मोठे: आपल्याकडचे ९४८ घनसेंटिमीटरचे, स्पिटफायरचे प्रारंभी ११४७. पेटारा उघडावा तसा दोहींचा संपूर्ण पुढचा भाग पुढच्या बाजूस कलतो आणि इंजिन तिन्ही बाजूंनी उघडे पडते. रुग्णाने सदरा काढून तपासणीस बसावे, तशी ही सोय आहे.

गेल्या मार्गशीर्षात दत्तजयंतीला आम्ही माणिकनगरला निघालो, तेव्हा इंजिनातून एक नवा ठोका ऐकू येऊ लागला. जड, बोथट, गाडी उभी असताना स्पष्ट. परतल्यावर मी जुना स्टेथोस्कोप काढला, त्याच्या नळीच्या टोकाला पोलादी सळई बसवली आणि इंजिनाच्या अंगावर जागोजागी टेकवून पाहिले. खालच्या बाजूस ठोका मोठा वाटला. क्रँकशाफ्टचे बेअरिंग गेले, असे निदान मी तत्काळ करून टाकले. एका मोठ्या शहरातील वर्कशॉपनेही मान डोलावली आणि इंजिन उतरवून क्रँक घासून घेण्याचा खर्च सांगितला. दोन तज्ज्ञांचे एकमत झाल्यावर शंका कोण घेणार?

शंका माझ्या बारा वर्षांच्या नातवाने घेतली. तो म्हणाला, "आजोबा, आवाज दोन आहेत. एक ठक्-ठक्, आणि दुसरा वरून टिक्-टिक्." मला टिक्-टिक् ऐकूच येत नव्हती. लहान मुलाची कल्पना समजून मी ते सोडून दिले.

हुमनाबादेस हमरस्त्यावर ट्रकांची कामे करणारे एक वयस्क उस्ताद आहेत. केवळ दुसरे मत घ्यावे म्हणून गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी माझे निदान शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, पयले पूरा सुनो, फिर बोलो." हा उपदेश मी विद्यार्थ्यांना कितीदा केला असेल!

त्यांची पद्धत सांगण्याजोगी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचे. प्रथम एकेका प्लगची वायर काढून पाहिली. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग सैल असेल, तर त्या सिलिंडरमधील स्फोट थांबताच त्याचा ठोका मंदावतो. चारही वेळा ठोका तसाच राहिला. माझे निदान तेथेच डळमळले. मग इंजिन तापू दिले. पिस्टन सिलिंडरवर आपटत असेल, तर धातू तापून प्रसरण पावल्यावर तो आवाज कमी होतो. तोही झाला नाही. मग त्यांनी मला क्लच दाबायला सांगितले, आणि ठोका थांबला.

क्लच दाबल्यावर आवाज थांबला की संशय प्रथम गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो, कारण तेव्हा आतला दांडा फिरायचा थांबतो. पण उस्तादांनी समोरच्या पुलीकडे बोट दाखवले. इंजिन बंद करून मुलाने क्लच दाबला, तर अख्खी पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली. सोडताच मागे आली. या इंजिनात क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर फिरतो आणि तो पुढेमागे सरकू नये म्हणून मागच्या बेअरिंगपाशी अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर बसवलेले असतात. ते झिजले होते. आणखी काही दिवस असेच चालवले असते, तर वॉशर खाली तेलात पडून क्रँकशाफ्टने थेट ब्लॉक खाल्ला असता, आणि इंजिन कायमचे गेले असते.

झिजले कशाने? रेल्वे फाटकापाशी, चौकात, क्लच दाबून ताटकळत राहण्याची माझी तीस वर्षांची सवय. दाबलेला क्लच सतत त्या वॉशरवर रेटा देत राहतो. "ये आपके पाँव का काम है, साब," उस्ताद म्हणाले. वॉशर इंग्लंडाहून टपालाने मागवले. इंजिन न उतरवता, खालचे तेलपात्र काढून बसवले. खाचांची बाजू क्रँककडे ठेवायची, एवढीच दक्षता.

आणि ती टिक्-टिक्? ती खरीच होती. व्हॉल्व्हचे अंतर वाढले होते. चार टप्प्यांच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असले, तर एका व्हॉल्व्हची टिक् मिनिटाला ४०० वेळा येते. सवयीचा कान हा फरक ओळखतो. उस्तादांनी ती ऐकली, नातवाने ऐकली. मी ऐकली नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या आठवड्यात बिदरला आपल्याच एका सभासद मित्राकडे श्रवणालेख काढून घेतला. ५०० हर्ट्झपर्यंत कान ठीक, ४००० हर्ट्झला मोठी घसरण: वयोमानाचा नेहमीचा श्रवणऱ्हास. हृदयाचे ध्वनी बव्हंशी खालच्या पट्टीत असतात, तिसरा-चौथा ध्वनी तर फारच खाली. तेव्हा स्टेथोस्कोप अजून हाताबाहेर गेलेला नाही, असे मित्राने समजावले. पण उच्चारातील स, श, फ ही व्यंजने वरच्या पट्टीत असतात. मग आठवली उन्हाळ्यातील एक वृद्धा. मी तिच्या खांद्यांची तपासणी करून मलम लिहून दिले होते, आणि ती संकोचाने गप्प राहिली होती. ती "सांधे" म्हणाली होती. तीन महिन्यांनी बोटे सुजून ती परत आली, तेव्हा संधिवाताची तपासणी झाली. तो उशीर माझ्या कानाचा.

आता दोन्ही कानांत यंत्रे आहेत. रुग्णाचे म्हणणे मी त्याच्याच शब्दांत परत उच्चारून विचारतो. कंपाउंडरला दार उघडे ठेवायला सांगितले आहे, मी चुकलो तर तो खाकरतो. गाडीत मात्र हल्ली बरेच काही ऐकू येते. डॅशबोर्डच्या मागे काहीतरी किरकिरते. नातवाच्या मते ते पहिल्यापासूनच आहे.