आगीचा पंचनामा होतो, धुराचा कोण करणार?



दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. आंबेगाव तालुक्यातील लोणी परिसरात एका वस्तीवर बाजरीच्या सरमाडाची गंजी पेटली. बांध पेटवताना ठिणगी उडाली असावी. माणसे धावली, विहिरीवरची मोटर सुरू केली, ज्वाळा विझल्या. जनावरे वाचली, घर वाचले, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण गंजी आतून धुमसत राहिली. शेजारच्या उकिरड्यालाही आच लागली होती. पुढचे पाच-सहा दिवस तिथून धूर निघत होता. थंडीचे दिवस. पहाटेची हवा गार आणि जड, त्यामुळे धूर वर न जाता वस्तीवर गोधडीसारखा पसरून राही.

पंचनामा झाला. पेंढ्या किती, किंमत किती, सगळे कागदावर आले. मी त्या कामासाठी गेलो तेव्हा शेजारच्या घराच्या ओट्यावर एक आजी भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. एक वाक्य बोलायला त्यांना दोनदा थांबावे लागत होते. त्यांना जुना दमा आहे, हे मला ठाऊक होते.

"आजी, पंप घेतला नाही का?"

"सायेब, पंप नातवाला दिलाय. त्यो लई धापत व्हता. माझं काय, धूर गेला की बरं वाटंल."

नातवाला दमा आहे असे कोणत्याही डॉक्टरने सांगितले नव्हते. तरी आजीचा पंप त्याच्या तोंडात गेला आणि आजी दोन रात्री बसून राहिल्या. त्याच दुपारी जीप करून दोघांना मंचरला नेले, म्हणून निभावले. परत येताना मनात आले, पेंढ्यांचा हिशोब झाला, पण या दोन रात्रींचा हिशोब कोणत्या रकान्यात लिहायचा?

धुराचा हिशोब औषधांच्या वहीत

हा हिशोब एका परदेशी गावात खरोखर मांडला गेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मॉरवेल नावाचे लहान शहर आहे. त्याला लागूनच हेझलवूडची कोळशाची उघडी खाण. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी रानातल्या वणव्याच्या ठिणग्या खाणीत पडल्या आणि कोळसा पेटला. ती आग ४५ दिवस चालली आणि तेवढे दिवस धूर व राख गावावर येत राहिली. पुढे मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक वर्षे तिथल्या लोकांच्या प्रकृतीचा अभ्यास केला. त्यांनी औषधांच्या नोंदीही तपासल्या. ज्या दिवसांत हवेतला धूर वाढला, त्या दिवसांत श्वासाची, हृदयाची आणि मनाच्या आजारांची औषधे जास्त गेली, असे त्यांना आढळले.

श्वासाची औषधे वाढली यात नवल नाही. पण हृदयाची आणि मनाची का? धुरातले सर्वांत बारीक कण आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथे सूज आणतात, आणि त्याचा परिणाम रक्तावर व हृदयावर होतो. दिवसचे दिवस धूर हटत नाही म्हटल्यावर झोप उडते, घोर लागतो. तोही आजारच.

मॉरवेलचा आणखी एक धडा आहे. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि हृदयाचे वा फुफ्फुसाचे रुग्ण यांनी काही दिवस दुसरीकडे राहावे, असा सल्ला आरोग्य अधिकाऱ्यांनी २८ फेब्रुवारीला दिला. तोवर आगीला जवळजवळ तीन आठवडे होत आले होते. सल्ला फार उशिरा आला, असा निष्कर्ष पुढे चौकशी मंडळाने काढला.

आपल्याकडे मुंबईत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ च्या अखेरीस लागलेली आग अनेकांना आठवत असेल. कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात आग धुमसत राहिली, धूर वस्त्यांत शिरला आणि महापालिकेला आसपासच्या ७० हून अधिक शाळा दोन दिवस बंद ठेवाव्या लागल्या. मार्च २०२३ मध्ये केरळात कोचीजवळ ब्रह्मपुरमचा कचरा दीड आठवड्याहून अधिक काळ जळत होता. खाण असो, कचरा असो की सरमाडाची गंजी, धुमसणाऱ्या आगीची तऱ्हा एकच. ज्वाळा विझली की माणसे पाठ फिरवतात, आणि खरा त्रास तिथून पुढे सुरू होतो.

घरात औषध आहे, पण...

मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण डॉक्टरमंडळींना विचारून आणि वस्त्या-वस्त्यांवर पाहून जे कळले, ते सांगतो.

आपल्याकडे दम्याच्या रुग्णाला बहुधा दोन प्रकारची औषधे देतात. एक, त्रास होताच श्वासनळी मोकळी करणारे. दुसरे, आतली सूज उतरवणारे, रोज घ्यायचे. दुसऱ्याने लगेच आराम वाटत नाही, म्हणून लोक ते बंद करतात. वर 'पंपाची सवय लागते' ही समजूत आहेच. धुराच्या दिवसांत तर रोजचे औषध चुकवूच नये. एकाच पंपात दोन्ही औषधे असतील, तर तो कधी व किती घ्यायचा हे डॉक्टरांकडून लिहून आणावे.

पंप संपत आला हे बरेचदा शेवटच्या क्षणी कळते. पाण्यात टाकून पाहण्याची रीत भरवशाची नाही. पंपावर एकूण फवारे लिहिलेले असतात. सुरू केल्याची तारीख चिकटवून ठेवा आणि हिशोब करा. रक्तदाब, हृदय आणि मधुमेहाच्या गोळ्यांचेही तसेच. निदान पंधरा दिवस पुरतील एवढ्या शिल्लक असाव्यात. बियाणे आपण पेरणीच्या दिवशी शोधत नाही, मग औषध दम लागल्यावर का शोधावे?

एकाचा पंप दुसऱ्याला देऊ नये. मूल धापत असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यावे. दुकानातून 'धाप कमी होण्याच्या' गोळ्या चिठ्ठीशिवाय आणू नयेत. त्यांत स्टिरॉइड असले तर तेवढ्यापुरते बरे वाटते, पण साखर व रक्तदाब वाढतो आणि खरा आजार झाकला जातो. लहान मुलाला मनाने खोकल्याचे औषध पाजू नये.

पुढील लक्षणे दिसली तर वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करावा: एक वाक्य पुरे बोलता न येणे, ओठ निळसर होणे, मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जाणे, छातीत दुखणे, गुंगी येणे. लगेच आराम देणाऱ्या पंपाचा परिणाम चार तासही टिकत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

धूर असेपर्यंत

धूर येतो त्या बाजूच्या दारे-खिडक्या लावा, वारा फिरला की उघडा. त्या दिवसांत घरात चूल, धूप आणि मच्छर-कॉइल टाळा. बाहेरचा धूर थोडा म्हणून आतला कशाला? तोंडाला ओला पंचा बांधून राख अडते, बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी एन-९५ मुखपट्टी लागते, आणि तीही नाका-गालाला घट्ट बसली तरच. पण सर्वांत चांगला उपाय म्हणजे आजी-आजोबा, गरोदर सून आणि लहान मुले यांना चार दिवस दुसऱ्या वाडीवरच्या पाहुण्यांकडे धाडणे. मॉरवेलसारखी तीन आठवडे वाट पाहू नका.

गावानेही दोन कामे करावीत. पहिले, धुमसणारी गंजी वा उकिरडा वरून भिजवून सोडू नये. लांब दाताळ्याने किंवा यंत्राने लांबूनच थर उलगडत पाणी मारावे, आत वाफ निघेनाशी होईपर्यंत. त्यावर चढू नये, आत पोकळी झालेली असते. दुसरे, आशाताईंकडे दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांची यादी असावी. धूर दुसऱ्या दिवशीही टिकला, तर त्या घरांत जाऊन 'औषध आहे का?' एवढे विचारावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

आणि मुळाशी

आता माझ्या खात्याची गोष्ट. कालव्याच्या पाण्याने ऊस आला आणि त्याबरोबर पाचट पेटवणेही आले. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते जाळले की सेंद्रिय खत आणि नत्र धुरात जातात. त्याऐवजी सरीत पसरून बारीक करावे, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. जमीन सुधारते आणि ओलही टिकते. बांध पेटवण्याऐवजी कापावेत. गंजी घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब रचावी, आणि एकाच मोठ्या गंजीऐवजी अंतर ठेवून दोन लहान गंज्या घालाव्यात.

त्या आजी आता बऱ्या आहेत. परवा भेटल्या तेव्हा त्यांनी फळीवरचा डबा काढून दाखवला. आत दोन पंप होते, एक चालू, एक राखीव. डब्यावर नातवाने शाळेच्या अक्षरात लिहिले होते: 'फक्त आजीचा'.

असा डबा तुमच्या घरात आहे का, ते आज संध्याकाळी पाहून घ्या.