आधी न्हाणी, मग दर्शनी भिंत

घराचं काम काढायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे पहिली चर्चा झाली ती रस्त्याकडच्या भिंतीची. हातकणंगल्यातलं आमचं घर जुन्या घडणीचं: पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे परडं. वर मंगलोरी कौलं. शेजारी स्लॅबची घरं उभी राहिली, आपलंच तेवढं मागे राहिलं, असं धाकट्या दिरांना आणि मुलांना वाटे. समोर टाइल्स, मोठी काचेची खिडकी, स्टीलचं रेलिंग असे नमुने मोबाईलवर जमले होते.

त्याच थंडीत सासूबाई पडल्या. आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणतो. वय पंच्याहत्तर. न्हाणी परड्यात, शहाबादी फरशीची, कडेला शेवाळ धरलेली. फजरच्या वजूसाठी त्या अंधारात बाहेर गेल्या आणि पाय घसरला. मनगटावर निभावलं, पण प्लास्टर सहा आठवडे. त्या दिवसांत रात्री उठावं लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं होतं. हे माझ्या लक्षात आलं तिसऱ्या आठवड्यात. आणि मी वर्गात मुलांना आरोग्याच्या सवयी शिकवते!

मग मी वही घेऊन बसले. यादी खोल्यांची केली नाही, अम्मींच्या दिवसाची केली. किती वेळा उठतात, कुठून कुठे जातात, कुठे भिंतीचा आधार घेतात. पलंगापासून न्हाणीपर्यंत तीन उंबरे आणि दोन पायऱ्या निघाल्या. ती वही पाहिल्यावर दीरही गप्प झाले. माजघराला लागून नवी न्हाणी आणि संडास, त्यावर छोटा स्लॅब, स्वयंपाकघराची कौलं उतरवून नव्या वाशांवर पुन्हा बसवणं, एवढंच काम ठरलं. दर्शनी भिंत पैसे उरले तर.

पैसे मोजकेच होते. व्याजाचं कर्ज कुणालाच नको होतं. साठवलेली रक्कम होती आणि भिशीचा नंबर मे महिन्यात लागत होता. एकूण रकमेचा दहावा हिस्सा मी आधीच बाजूला काढून ठेवला आणि तो कुणाला सांगितला नाही, मुलांच्या अब्बांनासुद्धा!

न्हाणीचं सगळं खरं काम टाइल्स बसण्याआधीचं असतं. संडासाचं भांडं किबल्याकडे तोंड किंवा पाठ करून नको, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असतं, पण सांगायचं राहून जातं. आपल्याकडून किबला पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे कललेला. म्हणून भांडं उत्तर-दक्षिण हवं, आणि ते पाइप जमिनीत पुरण्याआधीच सांगायला हवं. नंतर फरशी फोडावी लागते. धरायच्या दांड्याची जागाही भिंत उघडी असतानाच खुणावून घेतली, कारण दांडा विटेत घट्ट बसला पाहिजे. दार बाहेर उघडणारं केलं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. फरशी खरखरीत, तिला सहा फुटांना इंचभर उतार. वजूसाठी खाली नळ आणि बसायला पक्का ओटा.

मिस्त्री म्हणाले, "बाई, न्हाणीत एवढा पैसा कशाला घालताय? ती कोण बघतंय?"

टाइल्स लावण्याआधी बोळा घालून न्हाणीत दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं. एका कोपऱ्यात बाहेरून ओल दिसली, ती तेव्हाच बुजवता आली. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून पाइपांचे फोटोही काढून ठेवले. पुढे खिळा ठोकताना ते उपयोगी पडतात.

हिशेब चुकला तो पावसाचा. मे महिन्याच्या सुट्टीत सुरुवात, मृगाआधी कौलं परत चढवायची, असा बेत होता. पण ते 2025 साल. मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला, आणि आमच्याकडे त्याआधीपासूनच पाऊस कोसळत होता. स्लॅब पडून गेला होता, त्याला पाणी मारायचं काम आभाळानेच केलं. स्वयंपाकघर मात्र उघडं. ताडपत्रीखाली पिठाचे डबे, सोप्यात गॅस, त्यातच गवंड्यांची ये-जा. आम्हा बायकांना घरातल्या घरात वावरायला जागा उरली नव्हती. चार दिवस शेजारच्या भाभींनी आमची चूल त्यांच्याकडे चालवली. ताडपत्र्या आणि जादा मजुरीवर तो दहावा हिस्सा संपला.

आणि एक चूक माझीच. 7 जूनला बकरी ईद. पाहुणे येणार म्हणून गिलावा ओला असतानाच रंग लावायला लावला. रंगारी नको म्हणत होते. ऑगस्टपर्यंत पोपडे सुटले. भिंत पूर्ण सुकल्यावर, दिवाळीनंतर, पुन्हा घासून रंगवली. दुप्पट खर्च.

शेवटचा हप्ता मात्र मी राखून ठेवला होता. दाराची कडी, गळणारी एक तोटी, छताला राहिलेलं एक छिद्र, असली किरकोळ कामं लिहून दिली आणि ती झाल्यावरच पैसे दिले. त्यालाही तीन आठवडे लागले.

अम्मी आता रात्री एकट्या उठतात, दिवा लावतात, दांडा धरून बसतात. पाण्याचा तांब्या उशाशी असतो, सकाळी तो रिकामा असतो.

दर्शनी भिंत अजून जुनीच आहे. भिशीचा पुढचा नंबर आला की दिरांना टाइल्स हव्या आहेत. अम्मी म्हणतात, आधी सोप्याला बसायला कट्टा करा.