नोकरी सांभाळून मेकॅनिकलची डिग्री : दार उघडं आहे, पण आधी कागद बघा

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, बदलापूरच्या कारखान्यांत आणि उल्हासनगरच्या लहान-मोठ्या वर्कशॉपमध्ये आपल्या समाजाची बरीच मुलं काम करतात. कुणी आयटीआय करून फिटर झालाय, कुणी टर्नर आहे, कुणी डिप्लोमा करून मेंटेनन्सला लागलाय. चार-पाच वर्षं गेली की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो. मशीन आपण चालवतो, बिघाड आपण काढतो, मग इंजिनिअरच्या खुर्चीवर दुसराच का? आणि घर चालवायचं असताना डिग्री करायची तरी कशी?

थोडक्यात उत्तर असं : नोकरी करत डिग्री होते, रीतसर होते. पण त्यासाठी कोणतं दार खरं आणि कोणतं खोटं, हे पैसे भरायच्या आधी कळलं पाहिजे.

ही दारं बंद आहेत

"घरबसल्या बी.टेक., कॉलेजला जायची गरज नाही" अशी पत्रकं स्टेशनबाहेर मिळतात, मोबाईलवरही येतात. त्यांच्या नादी लागू नका. यूजीसीच्या 2020 च्या नियमांनुसार इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देता येत नाही. 3 नोव्हेंबर 2017 रोजी सुप्रीम कोर्टाने काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरीशिवाय पत्राद्वारे दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांवर निकाल दिला. 2005 नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. त्याआधीच्या काही वर्षांतल्या विद्यार्थ्यांना पदवी टिकवायला पुन्हा परीक्षा द्यावी लागली. नोकरी करून, पोटाला चिमटा घेऊन फी भरणारेच त्यात सर्वांत जास्त होरपळले.

दुसरा जुना रस्ता एएमआयईचा. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या 1920 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची ही परीक्षा. आपल्या भागातल्या कारखान्यांत जुने साहेब लोक यातूनच वर आले. पण सरकारी नोकरीसाठी डिग्रीच्या बरोबरीची मान्यता 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच आहे. "मामू एएमआयई करूनच मॅनेजर झाले" हे खरं असलं, तरी भाच्याला तो रस्ता आता तसा उपयोगी नाही.

हे दार उघडं आहे

2023-24 पासून एआयसीटीईने मान्यताप्राप्त कॉलेजांना नोकरदारांसाठी वेगळे वर्ग चालवायला परवानगी दिली आहे. संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळेत वर्ग भरतात. प्रवेश थेट दुसऱ्या वर्षात असतो. म्हणजे डिप्लोमा झालेल्याला डिग्रीसाठी तीन वर्षं लागतात.

प्रत्येक कॉलेजात हा वर्ग नसतो. त्या वर्षी त्या कॉलेजला मेकॅनिकलच्या नोकरदार वर्गाची मंजुरी आहे का, हे एआयसीटीईच्या यादीत बघायचं. कॉलेजची मंजुरी वेगळी आणि या वर्गाची मंजुरी वेगळी. ऑफिसातला माणूस "होऊन जाईल" म्हणाला म्हणून पैसे भरायचे नाहीत.

अटीही समजून घ्या. डिप्लोमात खुल्या वर्गासाठी किमान 45 टक्के, राखीव वर्गासाठी 40 टक्के लागतात. डिप्लोमावरून दुसऱ्या वर्षात जाताना सीईटी द्यावी लागत नाही. नोंदणी असलेल्या कंपनीत किमान एक वर्षाची पूर्णवेळ नोकरी लागते. शिवाय अंतराची अट आहे. योजना सुरू झाली तेव्हा कामाचं ठिकाण कॉलेजपासून रस्त्याने 50 किलोमीटरच्या आत हवं होतं. आपल्या भागासाठी ही अट महत्त्वाची. रेल्वेने सीएसएमटीपासून अंबरनाथ साधारण 60 आणि बदलापूर 68 किलोमीटर आहे. म्हणजे अंबरनाथच्या कंपनीत काम करणाऱ्याने भायखळा किंवा माटुंग्याचं कॉलेज निवडलं, तर प्रवेश अंतरावरच अडू शकतो. ठाणे, कल्याण, पनवेल, कर्जत बाजूची कॉलेजं आधी बघावीत. चालू वर्षाच्या पुस्तिकेत मर्यादा किती आहे ते वाचूनच फॉर्म भरावा.

फक्त आयटीआय झालं असेल तर?

तरी वाट आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. डिप्लोमाचेही नोकरदार वर्ग याच योजनेत येतात. हिशोब सोपा आहे : डिप्लोमाची दोन वर्षं आणि डिग्रीची तीन, एकूण पाच. बावीसाव्या वर्षी सुरुवात केली तर सत्ताविसाव्या वर्षी हातात डिग्री आणि सोबत पाच वर्षांचा अनुभव. पाच वर्षं लांब वाटतात, पण ती तशीही जाणारच आहेत.

खरी अडचण : नोकरीचा पुरावा

आमच्या मते सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. काम तर तीन वर्षांपासून चालू आहे, पण ठेकेदारामार्फत. पगार रोख किंवा यूपीआयवर. नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिप नाही, पीएफ नाही. कॉलेज एक वर्षाच्या अनुभवाचा पुरावा मागतं, तेव्हा दाखवायला काहीच नसतं. हात कामाने काळे झालेले असतात, पण कागदावर तो मुलगा बेकार ठरतो.

म्हणून डिग्रीची तयारी प्रवेशाच्या किमान एक वर्ष आधी, कागदापासून सुरू करा. 20 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. आपला यूएएन नंबर घ्या आणि पासबुकमध्ये दर महिन्याला रक्कम जमा होतेय का ते बघा. पगार बँकेतच मागा. नाव, जन्मतारीख आधारवर, मार्कशीटवर आणि पीएफमध्ये एकसारखी करून घ्या. शेख-शैख, मोहम्मद-मो. असल्या फरकांनी आपल्या मुलांचे किती फॉर्म परत येतात, हे प्रत्येक घराला माहीत आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकाची जबाबदारी आहे. तेव्हा ते मागताना संकोच करू नका. अदबीने मागा, पण लेखी मागा.

अभ्यास कुठे जड जातो

कामातल्या मुलाला व्हर्निअर, मायक्रोमीटर, ड्रॉइंग, सीएनसीचं सेटिंग हे सगळं हाताने येतं. मॅन्युफॅक्चरिंगच्या विषयात तो पुढेच असतो. अडतं ते गणितात. डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं गणित त्याने केलेलं नसतं आणि दुसऱ्या वर्षात डिफरन्शियल इक्वेशन, लाप्लास समोर येतात. थर्मोडायनॅमिक्स आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्सही त्याच गणितावर उभे असतात. म्हणून प्रवेशाआधीचे चार महिने रोज तासभर फक्त कॅल्क्युलसला द्या. सरकारच्या एनपीटीईएल आणि स्वयम या ठिकाणी आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत आहेत. केटी लागली म्हणून सोडून देणारे बरेच असतात. त्यातली पुष्कळ केटी या गणिताचीच असते.

वेळेचंही आधीच ठरवा. दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट असेल तर संध्याकाळचा वर्ग बुडणार. प्रवेशाआधीच सुपरवायझरशी बोलून जनरल किंवा पहिली शिफ्ट मिळते का विचारा. कंपनीचं ना-हरकत पत्र घेताना हेही लेखी घ्या. रमजानमध्ये परीक्षा आली तर इफ्तार, तरावीह आणि अभ्यास यांचं वेळापत्रक घरच्यांनी मिळून आखावं.

पैशाची बाजू

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून शैक्षणिक कर्ज मिळतं. मोमीन, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या जमातींच्या मुलांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर काढून ठेवावं. नोकरदार वर्गाच्या जागेवर यातली कोणती सवलत लागू होईल, हे कॉलेजकडून प्रवेशाआधी लेखी घ्या. मुस्लिम अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत समाजासाठी जागा असतात. अंजुमन-ए-इस्लामचं न्यू पनवेलचं काळसेकर कॅम्पस त्यातलं एक. तिथेही नोकरदार वर्ग यंदा आहे का, हे विचारूनच पुढे जावं.

आपल्या मस्जिदींच्या जमातींनाही आमची विनंती आहे. बैतुलमालातून दरवर्षी निदान एका कामगार मुलाची परीक्षा फी भरता येईल का, हे मुकामी आलिमांना विचारून ठरवावं. यात रक्कम फार लागत नाही, लागते ती नियत.

घरच्यांसाठी दोन शब्द

अब्बा म्हणतात, "ओव्हरटाइम सोडून कॉलेज? घर कोण चालवणार?" चिंता खोटी नाही. तीन वर्षं ओव्हरटाइम जाईल, बहिणीच्या लग्नाची तारीख कदाचित पुढे ढकलावी लागेल. पण फिटर आणि इंजिनिअर यांच्यातला पगाराचा फरक पुढची पंचवीस-तीस वर्षं राहतो. आखाती देशांतही आता नुसता अनुभव चालत नाही. सौदीत इंजिनिअर म्हणून काम करायचं तर तिथल्या इंजिनिअर कौन्सिलकडे नोंदणी लागते आणि डिग्रीची तपासणी होते. मंजुरी नसलेली डिग्री तिथे अडते, तोपर्यंत एजंटचे पैसे गेलेले असतात.

अम्मीने रात्री साडेदहाला ताट गरम करून दिलं, भावाने दोन वर्षं घरखर्चाला हातभार लावला, तर हे जमतं. एकट्या मुलाच्या हिमतीवर मात्र ते फार काळ टिकत नाही.

ज्यांच्या घरात डिप्लोमा किंवा आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी कामाला आहे, त्यांनी या रविवारी एवढंच करावं : मार्कशीट, आधार, पगाराची स्लिप आणि पीएफचं पासबुक एका फाइलमध्ये लावावं. काय कमी आहे ते लगेच दिसेल. ते भरून काढायला एक वर्ष हातात आहे. पुढच्या प्रवेशाच्या वेळी ती फाइल पूर्ण असेल, इन्शाअल्लाह.