अपयशांचा बायोडेटा

परवा ऑफिसमधल्या एका नव्या मुलाने बायोडेटा तपासायला दिला. त्यात यशच यश! त्याला मेलनी स्टेफनबद्दल सांगितलं.

या शास्त्रज्ञ बाईंनी २०१० साली ‘नेचर’मध्ये सुचवलं होतं, की नाकारले गेलेले अर्ज, न मिळालेल्या फेलोशिप, परत आलेले शोधनिबंध यांचीही यादी ठेवा.

२०१६ मध्ये प्रिन्स्टनचे प्राध्यापक योहानेस हाउसहोफर यांनी स्वतःची अशी यादी जाहीर केली. तिला त्यांच्या संशोधनापेक्षा जास्त प्रसिद्धी मिळाली, हेसुद्धा त्यांनी त्या यादीत नोंदवलं!

मीही अशी वही ठेवतो. काही वर्षांनी चाळली की कळतं, कोणत्या नकाराने खरं शिकवलं आणि कुठे नुसती वेळ चुकली होती. मला ती बायोडेटापेक्षा मोलाची वाटते.

नकाराचं कारण मात्र त्याच दिवशी लिहा. नंतर आठवणी सोयीच्या होतात.