सतरा वर्षांनीं आलेला आल्बम

‘आल्बम’ हा शब्द हल्लीं आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, त्याचा मूळ अर्थ विचारण्याची गरज कोणास भासत नाहीं. आवडत्या वाद्यवृंदाचा नवा आल्बम येणार अशी वार्ता लागली कीं वर्गांत कुजबुज सुरू होते. आणि घरीं वडील मंडळी ‘हा गोंगाट आणखी किती दिवस चालणार?’ असें विचारूं लागतात. एका पक्षानें दुसऱ्याचें म्हणणें समजून घ्यावें, या हेतूनें हा विषय येथें घेतला आहे.

प्रथम शब्दाविषयीं. जुनी तबकडी मिनिटास सुमारें ७८ फेरे घेई व तिच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेंच गायन मावे. मोठी रचना ऐकवावयाची तर अनेक तबकड्या लागत, आणि त्या छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड बांधणींत घालून विकल्या जात. त्या वहीचें नांव आंतील संगीतास चिकटलें. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मंद फिरणारी, एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी तबकडी आणली. वही गेली, नांव मात्र राहिलें. आज गाणें फोनवर येतें, तरी एका विचारानें व ठराविक क्रमानें रचलेल्या गीतांच्या संचास आपण आल्बमच म्हणतों.

दुसरा शब्द ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र. पाश्चात्य देशांत मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांवर अवलंबून नसलेल्या कलावंतांस हें विशेषण लागलें. आपल्याकडे त्याचा अर्थ मुख्यतः ‘चित्रपटावर अवलंबून नसलेलें’ असा होतो. चित्रपटगीत कथेंतील प्रसंगासाठीं जन्मास येतें. कवी, संगीतकार, गायक व पडद्यावरील नट हे बहुधा निरनिराळे असतात. उलट, असा वृंद आपले शब्द आपणच लिहितो, चाल आपणच लावतो व वाद्येंही आपणच वाजवितो. ड्रमनें लय धरावयाची, बास गिटारनें खालचा आधार द्यावयाचा, दुसऱ्या गिटारनें व कीबोर्डनें स्वर भरावयाचे, ही वांटणी चर्चमध्यें चार स्वरांत गाणाऱ्या आपल्या मुलांस समजण्यास कठीण नाहीं.

आतां एक खरें उदाहरण घेऊं. १९८४ सालीं मुंबईंत ‘रॉक मशीन’ नांवाचा वृंद निघाला. गायक उदय बेनेगल व गिटारवादक महेश तिनईकर हे त्यांतील प्रसिद्ध कलावंत. त्या काळीं अशा वृंदांनीं परदेशी गाणीं हुबेहूब वाजवावीं हीच श्रोत्यांची अपेक्षा असे. या मंडळींनीं मात्र स्वतःचीं गाणीं रचण्याचें धाडस केलें. १९८८ व १९९० सालीं त्यांचे दोन आल्बम निघाले. १९९३ मध्यें त्यांनीं ‘इंडस क्रीड’ हें नवें नांव घेतलें व १९९५ मध्यें त्या नांवाचा आल्बम काढला. पुढें १९९७ सालीं वृंद मोडला आणि बेनेगल न्यूयॉर्कला गेले. २०१० मध्यें जुने सोबती कांहीं नव्या वादकांसह पुन्हां एकत्र आले, आणि २०१२ सालीं ‘इव्हॉल्व्ह’ हा आल्बम बाहेर पडला. मागील आल्बमनंतर सतरा वर्षें लोटलीं होतीं! पहिला आल्बम ऐकतांना जे महाविद्यालयांत होते, त्यांचीं मुलें तोंवर शाळेंत जाऊं लागलीं असतील.

वृंद एकत्र आल्यावरही आल्बमला वेळ कां लागतो? कारण गाणें सुचणें हा कामाचा आरंभ होय, शेवट नव्हे. प्रत्येक वाद्य बहुधा निरनिराळें मुद्रित करतात. मग कोणता स्वर पुढें, कोणता मागें, हें ठरवून सर्व एकत्र मिसळतात. ‘इव्हॉल्व्ह’साठीं हें मिश्रणाचें काम टिम पामर या इंग्रज ध्वनितज्ज्ञानें केलें. भाजींत मीठ किती पडावें हें जसें हातास कळावें लागतें, तसेंच हें काम आहे.

पालकांस ही उत्कंठा अगदींच अपरिचित नसावी. १९५५ सालीं पुणें आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचें ‘गीतरामायण’ सुरू झालें, तेव्हां एकूण छप्पन्न गीतांपैकीं पुढचें ऐकण्यासाठीं श्रोते आठवडाभर थांबत. वाद्यें बदललीं, वाट पाहणारें मन बदललें नाहीं.

परंतु खरा प्रश्न आवाज मोठा कीं लहान हा नसून, गाणें कोणाचें हा आहे. आपल्या मंडळ्यांतही एके काळीं बरीचशीं गीतें इंग्रजीवरून भाषांतरित केलेलीं व परक्या चालींवर बेतलेलीं असत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग व ओवी यांस उपासनेंत मानाचें स्थान दिलें, तेव्हां मराठी ख्रिस्ती माणसास आपल्या अंतःकरणाची भाषा प्रार्थनेंत सांपडली. आधीं दुसऱ्याचें गाऊन शिकावें, मग आपलें गावें, हाच मार्ग मुंबईच्या त्या वृंदानेंही चोखाळला. त्यांचीं गाणीं इंग्रजींत आहेत; आमच्या वऱ्हाडी बोलींत असें कांहीं रचण्याचें काम अद्याप तुमच्यासाठीं मोकळें आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, दोन गोष्टी पाळा. कलावंताचा मोबदला चुकवून चोरून मिळविलेलें गाणें ऐकूं नका. मजुराची मजुरी अडवूं नये, ही शास्त्राची शिकवण गाणाऱ्यांसही लागू आहे. आणि गिटार हातीं धराल तर अभ्यासाची वेळ सांभाळून, शेजाऱ्यांची झोंप राखून धरा.

पालकांस विनंती एवढीच कीं, निकाल देण्यापूर्वीं गाण्याचे शब्द मुलाकडून वाचवून घ्यावे. हीन असतील तर स्पष्ट सांगावें. चांगले असतील तर तेंही मोकळेपणानें मान्य करावें. चार सोबत्यांसह वाजविणारा मुलगा दुसऱ्याचा स्वर ऐकून आपला आवाज आवरण्यास शिकतो, आणि या शिक्षणाची गरज जठारपेठेंतील कोणत्या घरास नाहीं?