समुद्रासाठी कायमठेव

कोकणात जुनी माणसं अजूनही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढतं. होडी काढायला एवढं पुरतं. जड जहाज गोदीत घ्यायचं असेल तर मात्र पाणी किती चढेल हेही आधी कळावं लागतं, आणि त्यासाठी चंद्र-सूर्याच्या चालीतले बारीक फरक धरावे लागतात. त्यातला एक फरक फार सावकाश होतो. आपण ज्यांना राहू-केतू म्हणतो, ते चंद्राच्या कक्षेचे पातबिंदू राशिचक्राची एक फेरी १८.६ वर्षांत पूर्ण करतात आणि त्या फेरीबरोबर भरतीची उंचीही थोडी कमीजास्त होत राहते. तीन वर्षांच्या संशोधन प्रकल्पाला ही फेरी पुरती दिसूच शकत नाही. समुद्राच्या अभ्यासकाला दीर्घ मुदतीचा पैसा लागतो तो यासाठी.

लिव्हरपूलला तो मिळाला. विल्यम हर्डमन हे स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ १८८१ साली तिथे आले, तेही डर्बीच्या अर्लच्या नावाच्या अध्यासनावर. मॅन बेटावरच्या पोर्ट एरिनला त्यांनी सागरी जीवशास्त्राचं केंद्र उभारलं, श्रीलंकेच्या किनाऱ्यावर जाऊन मोत्यांच्या कालवांचा अभ्यास केला. त्यांची पत्नी जेन ही जहाजमालक होल्ट घराण्यातली. १९१६ साली सोमच्या लढाईत त्यांचा तरुण मुलगा जॉर्ज मारला गेला. या आईबापांनी त्याच्या स्मरणार्थ विद्यापीठात भूशास्त्राचं अध्यासन स्थापन केलं आणि १९१९मध्ये सागरविज्ञानाचंही. पहिलं वर्ष हर्डमन स्वतःच त्यावर बसले, मग जेम्स जॉन्स्टन आले.

अशा अध्यासनात मुद्दलाला हात लावायचा नसतो, प्राध्यापकाचा पगार व्याजातून निघतो. त्यामुळे माणूस निवृत्त झाला तरी जागा राहते. शिवाय विषय वाढेल तशी ती जागाही बदलू शकते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जॉन्स्टन माशांचे आणि प्लवकांचे अभ्यासक. त्यांच्यानंतर १९३३ साली त्याच अध्यासनावर जोसेफ प्राउडमन आले, ते गणिती. जीवशास्त्रज्ञाने दिलेल्या पैशातून लाटा-प्रवाहांची समीकरणं सुटू लागली आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

प्राउडमन भरतीकडे आधीच वळले होते. १९१९मध्येच बूथ या जहाजवाल्या घराण्याच्या पैशातून लिव्हरपूलला भरती संशोधन संस्था निघाली होती. तिथे त्यांचे सहकारी होते आर्थर डूडसन. त्यांना ऐकू येत नसे, आणि आकडेमोडीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. चंद्र-सूर्याच्या ओढीतून उठणारे ३८८ वेगवेगळे आवर्त त्यांनी १९२१ साली वेगळे करून मांडले. सगळ्यात बलवान आवर्ताचा काळ बारा तास पंचवीस मिनिटं. बाकीचे लहान-मोठे आवर्त त्यात मिसळले की कधी उधाण येतं, कधी भांग.

हे मिसळण्याचं काम पितळेचं यंत्र करी. प्रत्येक आवर्तासाठी एक कप्पी, आणि ती आपापल्या वेगाने वर-खाली होणार. सगळ्या कप्प्यांवरून एकच तार ओवलेली. तारेच्या टोकाची लेखणी या साऱ्या हालचालींची बेरीज कागदावर काढत जाई आणि एका बंदराची पुढल्या वर्षाची भरती उमटे. एडवर्ड रॉबर्ट्स यांनी रचलेलं असं एक यंत्र संस्थेने १९२९ साली घेतलं. याच रॉबर्ट्स यांनी त्याआधी, १८७९च्या सुमारास, भारत सरकारच्या बंदरांसाठीही असं यंत्र घडवून घेतलं होतं. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याआधी तिथली भरती काढली तीही डूडसन यांनीच. किनाऱ्याचं नाव गुप्त होतं. नौदलाच्या जलसर्वेक्षण खात्याने त्यांना आकडे पाठवले, वर ठिकाणाऐवजी ‘स्थान झेड’ लिहून.

युद्धातली ही कामगिरी गाजली, पण मला १९३३ची एक नोंद तितकीच मोठी वाटते. त्या वर्षी जगभरच्या बंदरांच्या सरासरी समुद्रपातळीच्या नोंदी एके ठिकाणी ठेवण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली आणि तिचे पहिले सचिव प्राउडमनच होते. ती आजही लिव्हरपूलमध्येच चालते. त्या साठ्यात मुंबईच्या अपोलो बंदराच्या नोंदी १८७८पासूनच्या आहेत. आशियातल्या इतक्या जुन्या नोंदी फार थोड्या बंदरांच्या आहेत. पातळीतला बदल वर्षाला मिलिमीटरांत मोजायचा असतो आणि भरतीमापक तर समुद्राची उंची जमिनीच्या तुलनेतच सांगतो. पाणी चढलं की जमीन खचली, हे वेगळं काढायला दशकांच्या अखंड नोंदी हव्यात आणि मध्ये यंत्र हललं, शून्याची खूण बदलली, तर ते लक्षात ठेवणारं कोणीतरी हवं.

आपल्या विद्यापीठांत अध्यासन म्हटलं की संतसाहित्य किंवा थोर पुरुषांचे विचार आठवतात. ती असावीतच. पण राज्याला एवढा लांब किनारा आहे, मुंबईत जहाजांवर आणि मासळीवर मोठी झालेली घराणी आहेत. त्यांतल्या एखाद्या घराण्याने समुद्रासाठी अशी ठेव ठेवली, तर अपोलो बंदराचे आकडे वाचणारा प्राध्यापक मुंबईतच बसेल आणि त्याच्या मागून येणाऱ्याची जागाही पक्की असेल.